प्रकाशाची कवायत

भिंगानें ऊन एकवटून कागद जाळण्याचा खेळ आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं खेळलेला असेल. शिक्षक या नात्यानें मी तो कित्येक वर्षें शाळेच्या अंगणांत करून दाखवीत आलों. कागदावर प्रथम एक मोठें, अंधुक वर्तुळ पडतें. भिंग हळूहळू मागें-पुढें केलें म्हणजे तें आकसत आकसत मोहरीएवढें होतें. क्षणभर कांहींच होत नाहीं, आणि मग एकाएकीं धूर निघतो. मुलांचा आनंद त्या धुरांत असतो. शिक्षकाचा आनंद त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत असतो. एका वर्षीं सातवींतील एका मुलानें मला विचारलें, “गुरुजी, याच भिंगानें एकाच वेळीं दोन ठिकाणीं कागद जाळतां येईल का? एक ठिकाण जवळ, एक लांब?” मीं त्याला ठासून सांगितलें, “नाहीं. एका भिंगाला केंद्र एकच.” मुलगा गप्प बसला.

माझें उत्तर पुस्तकास धरून होतें. परंतु तें त्या भिंगापुरतें खरें होतें, प्रकाशाच्या स्वभावाला लागू नव्हतें, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. प्रकाशाला योग्य आज्ञा देतां आली, तर तो एकाच क्षणीं दोनच काय, पन्नास ठिकाणीं एकवटतो. त्यांतील कांहीं ठिकाणें वर, कांहीं खालीं, कांहीं जवळ, कांहीं दूर, अशीं असूं शकतात. आज्ञा बदलली कीं, डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच तीं ठिकाणेंहि बदलतात. हें कसें साधतें, त्यापासून माणसाला लाभ कोणता आणि जपावयाचें कोठें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम भिंग काय करतें तें नीट पाहूं. प्रकाश लाटांच्या रूपानें पसरतो, हा विचार ख्रिस्तियान हायगेन्स या डच पंडितानें १६९० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडला. आणि थॉमस यंग या इंग्रज वैद्यानें १८०१ च्या सुमारास तो प्रयोगांनीं पुढें नेला. या लाटा फारच बारीक. तांबड्या प्रकाशाच्या शंभरएक लाटा माणसाच्या एका केंसाच्या जाडींत मावतात. दोन लाटा एका जागीं आल्या आणि दोघींचे उंचवटे एकदमच पोंचले, तर तेथें उजेड वाढतो. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र आले, तर दोघी एकमेकींस खाऊन टाकतात व तेथें अंधार होतो. पाउलें जुळलीं कीं उजेड, पाउलें चुकलीं कीं अंधार. एवढें सूत्र ध्यानांत ठेवलें तरी आजचें काम भागेल.

आतां शाळेच्या कवायतीचें उदाहरण घेऊं. मैदानावर मुलांची एक सरळ रांग उभी आहे आणि समोर झेंड्याचा खांब आहे. सर्वांनीं सारख्या चालीनें निघून खांबाशीं एकाच क्षणीं पोंचावें, असा हुकूम आहे. रांगेच्या मधल्या मुलास अंतर कमी, टोकाच्या मुलांस जास्त. सगळीं एकदम निघालीं, तर मधला मुलगा आधींच पोंचून इतरांची वाट पाहत उभा राहील. म्हणून जाणता मास्तर मधल्या मुलाला थोडा वेळ थोपवून धरतो, त्याच्या शेजाऱ्यांस त्याहून कमी, आणि टोकाच्या मुलांना मुळींच थोपवीत नाहीं. भिंग नेमकें हेंच करतें. कांचेंत प्रकाश हवेपेक्षां हळू चालतो; आणि भिंग मध्यें जाड, कडेला पातळ असल्यामुळें मधल्या प्रकाशाला अधिक विलंब होतो. परिणामीं सर्व बाजूंनीं आलेल्या लाटा एका बिंदूशीं पाऊल जुळवून पोंचतात, आणि तेथें कागद जळतो.

खांब जवळ आणला तर मास्तरनें काय करावें? मधल्यांना आणखी थोपवावें; म्हणजेच अधिक फुगीर भिंग घ्यावें. खांब डावीकडे सरकवला तर? रांगेच्या डाव्या टोकाला अधिक थोपवावें, आणि उजवीकडे जातां जातां विलंब कमी करीत जावा. हें काम कांचेचा लोलक करतो. याचा अर्थ असा कीं, भिंगाचा विलंब आणि लोलकाचा विलंब यांची बेरीज केली, तर समोरच्या अवकाशांतील कोणत्याहि एका बिंदूवर, तो डावा असो वा उजवा, जवळ असो वा दूर, प्रकाश नेऊन ठेवतां येतो. लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही परिमाणांवर ताबा मिळविण्यास विलंबाचा एक नकाशा पुरेसा होतो.

दोन खांब असतील तेव्हां मात्र मुलांची उपमा सोडून द्यावी लागते. एक मुलगा एकाच खांबाकडे जाऊं शकतो. परंतु लाटेचा प्रत्येक बिंदु सर्व दिशांना पसरत असतो, असें हायगेन्सनें सांगून ठेवलें आहे. म्हणून पहिल्या ठिकाणासाठीं लागणारी लाट आणि दुसऱ्या ठिकाणासाठीं लागणारी लाट या दोहोंची बेरीज करून त्या बेरजेच्या पाउलाप्रमाणें विलंब दिला, तर प्रकाश दोन्ही ठिकाणीं एकवटतो. दोन ठिकाणांचें तेंच पन्नास ठिकाणांचें. फक्त प्रकाशाची एकंदर पुंजी तेवढीच राहते. ती जितक्या ठिकाणीं वाटावी, तितका प्रत्येकाचा वांटा कमी.

विलंब देण्याकरितां जाड कांच घ्यावी लागत नाहीं, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. कवायतींत एखादा मुलगा बरोबर डावें-उजवें असें एक आवर्तन मागें राहिला, तरी त्याचें पाऊल इतरांशीं जुळलेलेंच दिसतें. तसाच एका संपूर्ण लाटेचा विलंब हा विलंब नसल्यासारखाच असतो. म्हणून साडेसात लाटांचा विलंब हवा असेल तेथें अर्ध्या लाटेचा दिला तरी चालतें. या युक्तीमुळें मिलिमीटरच्या कांहीं हजारांश जाडीचा पातळ थर भिंगाचें, लोलकाचें आणि त्यांच्या कितीहि गुंतागुंतीच्या बेरजेचें काम करूं शकतो. अशा विलंबांच्या नकाशालाच होलोग्राम म्हणतात.

होलोग्राम हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें बँकेच्या कार्डावरील चकाकणारी चिकटपट्टी येते, किंवा रंगभूमीवर हवेंत तरंगणारी मानवाकृति येते. त्यांपैकीं रंगभूमीवरची आकृति बहुधा होलोग्राम नसतेच. तिरप्या ठेवलेल्या पारदर्शक पडद्यावरील तें प्रतिबिंब असतें, आणि ही करामत लंडनमध्यें १८६२ सालींच प्रेक्षकांना दाखविली गेली होती. खरा होलोग्राम हंगेरींत जन्मलेले डेनिस गाबोर यांनीं १९४७ सालीं इंग्लंडांत रग्बी या गांवीं काम करीत असतांना शोधून काढला व १९४८ सालीं प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचीं चित्रें अधिक स्पष्ट व्हावीं, एवढाच त्यांचा हेतु होता. साध्या छायाचित्रांत प्रकाश किती आला हें उमटतें, परंतु लाटेचें पाऊल कोणतें होतें हें हरवून जातें. गाबोर यांनीं वस्तूकडून आलेल्या लाटेशीं दुसरी एक साधी लाट मिसळली. दोहोंच्या मिसळण्यानें उठलेल्या काळ्या-पांढऱ्या रेषांत हरवणारें पाऊलहि नोंदलें गेलें. सबंध लाट टिपणारें चित्र म्हणून त्यांनीं ग्रीक भाषेंतील ‘संपूर्ण’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला हें नांव दिलें.

पाऊल न चुकणारा प्रकाश त्या काळीं दुर्मिळ होता. १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं पहिला लेसर चालविला आणि ती उणीव दूर झाली. त्यानंतर मिशिगन विद्यापीठांत लीथ आणि उपात्निएक्स यांनीं, व तिकडे सोव्हिएत रशियांत डेनिस्युक यांनीं होलोग्रामचें तंत्र पुष्कळ सुधारलें. गाबोर यांना १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

इथपर्यंत होलोग्राम हा साक्षीदार होता. आधीं वस्तु असे, मग तिची नोंद होई. पुढें हा क्रम उलटा झाला. अमुक ठिकाणीं प्रकाश हवा, असें आधीं ठरवावयाचें आणि त्यासाठीं कोणता नकाशा लागेल हें संगणकाकडून काढून घ्यावयाचें. या हिशेबांत एक अडचण असते. आपल्याला प्रकाश अडवून फुकट घालवावयाचा नसतो, केवळ विलंब द्यावयाचा असतो. त्यामुळें साधी बेरीज नेहमीं चोख उतरत नाहीं. यावर गर्चबर्ग आणि सॅक्स्टन या दोघांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेली रीति शाळामास्तरास आवडावी अशी आहे. प्रथम अंदाजानें एक नकाशा घ्यावा. त्यानें प्रकाश कोठें पडेल तें मोजावें. चुकलें असेल तेथें दुरुस्ती करावी, आणि त्या दुरुस्तीवरून उलट येऊन नवा नकाशा काढावा. असें पुन्हां पुन्हां केलें कीं, वहीवरील तांबड्या खुणा कमी होत जातात व उत्तर कामापुरतें बरोबर येतें. नवलाची गोष्ट ही कीं, ही रीतिहि मूळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्याच अडचणींतून जन्मली.

नकाशा तयार झाला, पण तो प्रकाशाला कळवावयाचा कसा? त्यासाठीं द्रवस्फटिकाचा एक लहानसा पडदा वापरतात. घरांतील दूरचित्रवाणीच्या पडद्याचाच हा भाऊबंद. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेंत वीस लाखांच्या आसपास चौकटी असतात, आणि प्रत्येक चौकटींतील द्रवस्फटिकाचे रेणू विजेच्या दाबानें कमी-अधिक वळतात. रेणू जसे वळतील, तसा त्या चौकटीवर पडलेल्या प्रकाशाला विलंब होतो. म्हणजे वीस लाख मुलांच्या रांगा, आणि प्रत्येकाला वेगळा हुकूम! नकाशा बदलला कीं, कांचेचा एक तुकडाहि न हलवितां भिंग बदललें, लोलक बदलला, प्रकाशाचीं ठिकाणें बदललीं.

आतां याचा उपयोग पाहूं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत आर्थर ॲश्किन यांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, लेसरच्या प्रकाशानें सूक्ष्म कण ढकलतां येतात. १९८६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच किरणशलाकेच्या केंद्रबिंदूंत असा कण पकडून ठेवला. पारदर्शक कण प्रकाशाला वांकवितो. प्रकाश वांकतांना कणाला उलट रेटा देतो. आणि या रेट्यांचा मेळ असा बसतो कीं, कण सर्वांत तेजस्वी जागेकडे ओढला जाऊन तेथेंच राहतो. हा जोर किती? एक मिलिग्रॅम वजनाच्या कोटीव्या भागाएवढा असला तरी तो मोठा समजावा. परंतु पाण्यांत पोहणाऱ्या जंतूला धरावयास तेवढा पुरतो. १९८७ सालीं ॲश्किन यांनीं जिवंत जंतु पकडले. हिरव्या प्रकाशांत ते मरत, म्हणून त्यांनीं डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश घेतला. त्यांत ते जगले आणि वाढलेहि. या प्रकाशाच्या चिमट्यासाठीं ॲश्किन यांना २०१८ सालीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं, नोबेल पारितोषिक मिळालें. निवृत्त माणसांनीं हा आंकडा अवश्य ध्यानांत ठेवावा.

चिमटा एकच असेल तर वस्तूहि एकच धरतां येते. १९९८ च्या सुमारास शिकागो येथें डेव्हिड ग्रियर आणि त्यांचे सहकारी यांनीं होलोग्रामच्या साहाय्यानें एका किरणशलाकेचे अनेक चिमटे केले. आणि पुढें द्रवस्फटिकाच्या पडद्यामुळें ते तिन्ही परिमाणांत हवे तसे हलवितांहि येऊं लागले. या कलेचा एक सुंदर नमुना २०१८ सालीं पॅरिसजवळील पालेझो येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केला. त्यांनीं होलोग्रामनें प्रकाशाचे लहान लहान पिंजरे अवकाशांत मांडले, आणि त्यांत ७२ पर्यंत सुटे अणु एकेक करून बसविले. आयफेल मनोऱ्याच्या आकाराचीहि मांडणी त्यांनीं करून दाखविली. ज्या अणूंविषयीं आम्ही फळ्यावर वर्तुळें काढून बोलत होतों, ते आतां हिशेबानें जागच्या जागीं ठेवतां येतात. अशा मांडण्यांवर नव्या प्रकारचे संगणक उभारण्याचे प्रयत्न चालू आहेत.

परंतु तेथेंहि एक अडचण होती. पिंजरे मांडण्याचें काम द्रवस्फटिकाच्या पडद्यानें केलें; अणु एका पिंजऱ्यांतून उचलून दुसऱ्यांत ठेवण्यास मात्र दुसरें, अधिक चपळ साधन लागलें. द्रवस्फटिकाचे रेणू वळावयास वेळ घेतात. सेकंदास साठ वेळां, फार झालें तर कांहींशें वेळां, नकाशा बदलतो. आपल्या डोळ्यांना हें पुष्कळ वाटेल. परंतु मज्जातंतूंतील एक संदेश सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत संपतो. ज्याला मज्जातंतूंच्या भाषेंत बोलावयाचें आहे, त्याला साठाच्या चालीनें भागत नाहीं.

वेग वाढविण्याच्या दोन वाटा विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली सूक्ष्म आरशांची. १९८७ सालीं अमेरिकेंत लॅरी हॉर्नबेक यांनीं लाखों चिमुकल्या आरशांचा एक तुकडा शोधून काढला. सिनेमागृहांतील कित्येक यंत्रांत तोच चित्र फेंकतो. हे आरसे सेकंदास वीस हजारांहून अधिक वेळां आपली मांडणी बदलूं शकतात. पण प्रत्येक आरशाला दोनच स्थिति ठाऊक. प्रकाश इकडे किंवा तिकडे. अशा हो-नाहींच्या भाषेंत होलोग्राम लिहितां येतो खरा, परंतु त्यांत बराचसा प्रकाश वायां जातो.

दुसरी वाट ध्वनीची, आणि तिच्यावर आपल्या देशाचा ठसा आहे. स्फटिकांत किंवा द्रवांत कानांस न ऐकूं येणारा अतिउच्च ध्वनि सोडला, म्हणजे त्या पदार्थांत दाट व विरळ असे पट्टे उमटतात. दाट पट्ट्यांतून जाणाऱ्या प्रकाशाला अधिक विलंब, विरळांतून जाणाऱ्यास कमी. १९३५-३६ सालीं बंगलोर येथें सर चंद्रशेखर व्यंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनीं या घटनेचें गणित मांडलें. त्यांनीं असें दाखविलें कीं, ध्वनींतून बाहेर पडणारी प्रकाशाची सपाट लाट पत्र्याच्या नालीदार छपराप्रमाणें घडीदार होते, आणि म्हणूनच ती निरनिराळ्या दिशांना फांकते. हाहि विलंबाचा नकाशाच झाला. फक्त तो विजेनें न लिहितां ध्वनीनें लिहिला. ध्वनीचा सूर बदलला कीं प्रकाशाची दिशा बदलते, आणि त्यास सेकंदाचे दहा-वीस दशलक्षांश पुरतात. सूर सारखा चढता किंवा उतरता ठेवून व अशा स्फटिकांच्या जोड्या लावून प्रकाशाचें केंद्र पुढें-मागेंहि नेतां येतें. येथील उणीव अशी कीं, ध्वनि बहुधा एका वेळीं एकाच ठिकाणाची सेवा करतो; पडद्यासारखीं पन्नास ठिकाणें तो एकदम उजळीत नाहीं. एकाजवळ हात पुष्कळ पण मंद, दुसऱ्याजवळ हात एक पण चपळ. म्हणून आजचीं यंत्रें गरजेप्रमाणें या साधनांची सांगड घालतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, हें मेंदूकडे पाहिलें म्हणजे कळतें. पाण्यावरील एका हिरव्या शेवाळाजवळ प्रकाश ओळखणारें एक प्रथिन असतें. त्याचें कार्य २००३ च्या सुमारास उलगडलें, आणि २००५ सालीं तें चेतापेशींत घालून प्रकाशाच्या ठिपक्यानें पेशीला संदेश पाठवावयास लावण्यांत शास्त्रज्ञांना यश आलें. परंतु साधा दिवा लावला, तर त्याच्या टप्प्यांतील सगळ्याच पेशी एकदम पेटतात. पेटीच्या सर्व पट्ट्यांवर पंजा दाबल्यासारखें तें झालें. त्यांतून आवाज निघतो, राग निघत नाहीं. राग वाजवावयाचा तर बोटें हवींत, आणि तीं वेळेवर पडलीं पाहिजेत. होलोग्रामनें हीं बोटें दिलीं.

खोलींतील एकच पेशी उजळून तिच्या वरच्या-खालच्या पेशी अंधारांत ठेवण्यासाठीं आणखी एक युक्ति वापरतात. मारिया गपर्ट-मायर या विदुषीनें १९३१ च्या आपल्या प्रबंधांत असें भाकीत केलें होतें कीं, एखादा अणु प्रकाशाचे दोन कण एकदमच गिळूं शकेल. तसें घडावयास प्रकाश अतिशय दाट लागतो. ही दाटी केवळ केंद्रबिंदूंत असते, म्हणून परिणामहि तेथेंच होतो. वाटेंतील पेशींवरून प्रकाश जातो, पण त्यांना जागवीत नाहीं.

या साधनांनीं २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें उंदराच्या मेंदूंतील पन्नासपर्यंत निवडक पेशी एका वेळीं जागविण्यांत आल्या. २०१९ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतून आणि स्टॅनफर्ड येथून याच्याहि पुढचे प्रयोग प्रसिद्ध झाले. विशिष्ट पट्ट्यांचें चित्र दिसलें कीं पाण्याच्या नळीला जीभ लावावयाची, असें उंदरांना शिकविलें होतें. तें चित्र पाहतांना कोणत्या पेशी जागतात याची नोंद झाली. मग चित्र न दाखवितां त्यांपैकीं मोजक्या पेशी होलोग्रामच्या प्रकाशानें जागविल्या. आणि उंदीर चित्र पाहिल्याप्रमाणें वागले. स्टॅनफर्डच्या प्रयोगांत सुमारें वीस पेशी त्याला पुरल्या.

श्रोतेहो, हें प्रथम वाचलें तेव्हां मी पुस्तक मिटून कांहीं वेळ स्वस्थ बसलों. उंदरानें जें पाहिलें नव्हतें, तें त्यानें पाहिलें असें त्याच्या वागण्यावरून दिसलें. अंधाला दृष्टि देण्याची वाट येथून जाते, आणि डोळसाला खोटें दाखविण्याचीहि वाट येथूनच फुटते. मात्र भयाच्या भरांत मर्यादा विसरूं नयेत. त्या उंदरांच्या पेशींत परकें प्रथिन घातलेलें होतें, आणि त्यांच्या कवटीला कांचेची खिडकी बसविली होती. मेंदूच्या धुकट द्रव्यांत प्रकाश विखुरतो, म्हणून ही बोटें एका मिलिमीटरच्या आंतच अडखळतात. फार ठिकाणीं प्रकाश पाडूं गेल्यास मेंदू तापतो. पन्नास पेशी जागविल्या हें खरें, पण उंदराच्या मेंदूंत चेतापेशी आहेत सुमारें सात कोटि. माणसाचें मन कोणी दुरून वाचील वा लिहील, असें सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं.

दुसऱ्या बाजूस, आशेचा दिवाहि अगदीं दूर नाहीं. २०२१ सालीं एका वृत्तांतांत असें प्रसिद्ध झालें कीं, दृष्टिपटलाच्या रोगानें अनेक वर्षें अंध असलेल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थाच्या डोळ्यांत प्रकाश ओळखणारें प्रथिन तयार होईल अशी योजना करण्यांत आली. मग खास चष्मा लावल्यावर टेबलावरील वस्तु कोठें आहे हें त्याला ओळखतां, तिला हात लावतां आणि वस्तु मोजतां येऊं लागल्या. त्या चष्म्यांत होलोग्राम नव्हता, आणि मिळालेली दृष्टि फारच अपुरी होती. तथापि प्रकाशाशीं नातें तुटलेल्या डोळ्याशीं पुन्हां बोलतां येतें, हें त्यानें सिद्ध झालें. बोलणें अधिक स्पष्ट करावयाचें, तर योग्य पेशीला योग्य क्षणीं हांक मारणें आलें. आणि ती विद्या मीं आतां सांगितली तीच आहे.

म्हणून मला वाटतें, या शास्त्राविषयीं आपल्या घरांत नुसतें कौतुक होऊं नये आणि नुसती भीतीहि बाळगली जाऊं नये. कोणाच्या मेंदूंत, कोणाच्या संमतीनें, कोणत्या दुखण्यासाठीं, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय सुशिक्षितांनीं आतांपासून लावून घ्यावी. यंत्रें चपळ होत आहेत; आपला विचार मात्र आपल्या जुन्याच चालीनें चालणार. तेव्हां त्यानें थोडें आधीं निघालेलें बरें. कवायतीचा नियम तोच सांगतो. ज्याला अंतर जास्त, त्यानें थांबूं नये.

शेवटीं त्या मुलाकडे येतों. त्याला मीं दिलेलें उत्तर आज दुरुस्त करावयाचें आहे. बाळ, एकाच वेळीं दोन ठिकाणीं कागद जाळतां येतो. फुगीर कांचेनें नव्हे, पण विलंबाचा योग्य नकाशा केला तर दोन ठिकाणीं, दहा ठिकाणीं, जवळ आणि लांब, हवें तेथें प्रकाश एकवटतो. आणि खरें सांगावयाचें, तर त्यासाठीं होलोग्रामपर्यंत जाण्याचीहि गरज नव्हती. तूं प्रश्न विचारलास तेव्हां माझ्या नाकावर वाचण्याचें आणि दूरचें अशीं दोन भिंगें एकाच कांचेंत जोडलेला चष्मा होता! तुझा प्रश्न मी त्या चष्म्यांतूनच पाहत होतों, आणि तरी नाहीं म्हणालों.

माझें ऐकणाऱ्या आईबापांस व गुरुजनांस एवढीच विनंति आहे. पोरानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत नसेल, तर “नाहीं” म्हणण्यापूर्वीं “पाहूं या” म्हणून पाहावें.